जुनी भांडी आणि अन्नाची सुरक्षितता : भांडे कधी वापरावे, कधी थांबवावे?

'कल्हई' हा शब्द मराठीत अरबी, फारसी आणि उर्दू अशा वाटेने आला. अरबीत 'कलई' म्हणजे कथील. उर्दूत 'कलई खुलना' हा वाक्प्रचार रूढ आहे. झाकलेले खरे रूप उघडे पडणे, हा त्याचा अर्थ. भांड्याच्या आतील कथलाचा थर उडाला की खालचे तांबे दिसू लागते, हे नित्याचे दृश्य त्यामागे आहे. मराठीने या बाबतीत स्वतःचे एक क्रियापद घडवले आहे : 'कळकणे'. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली तर ती कळकते, म्हणजे तिला धातूची चव येते आणि ती खाण्याजोगी राहत नाही. ज्या भाषांत असे शब्द आहेत त्या बोलणाऱ्या समाजाला भांड्याच्या आतील थराचे महत्त्व फार पूर्वी उमगले होते, हे उघड आहे.

आज मात्र हे ज्ञान विस्कळीत झाले आहे. तांब्या-पितळेची भांडी आरोग्याला हितकारक असल्याचा प्रचार ऐकून अनेक घरांतील जुनी देगची आणि पातेली माळ्यावरून खाली येत आहेत. पण त्यांना कल्हई करणारा कारागीर गावात उरलेला नाही. ॲल्युमिनियमची पातेली तळ पातळ होऊन भोक पडेपर्यंत वापरली जातात. नॉनस्टिक तव्याचा थर निघाला तरी तो चुलीवरून उतरत नाही. आणि स्वतःला नकोसे झालेले भांडे पुष्कळदा घरकाम करणाऱ्या बाईला, मदरशाच्या स्वयंपाकघराला किंवा एखाद्या गरजू कुटुंबाला दिले जाते. म्हणून जुने भांडे कोणत्या कसोटीवर ठेवावे किंवा बाद करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. चांगली वस्तू टाकून देणे हा इस्राफ, म्हणजे उधळपट्टी आहे. दुसऱ्या बाजूला अन्नातून अपाय होऊ देणे हेही निषिद्धच आहे. इमाम गझाली यांनी शरीअतची जी पाच उद्दिष्टे मांडली, त्यांत धर्म, जीवित, बुद्धी, वंश आणि मालमत्ता यांचे रक्षण येते. या क्रमात मालमत्ता शेवटी आहे. जीवित आणि बुद्धी तिच्या बऱ्याच आधी आहेत. भांडे ही मालमत्ता आहे. तिचे मोल जरूर राखावे, पण जीवित आणि बुद्धी पणाला लावून नव्हे.

भांडे जुने होते म्हणजे काय होते?

वय हा भांड्याचा दोष नाही. शंभर वर्षांची लोखंडी कढई निर्धोक असू शकते आणि गेल्या वर्षी घेतलेले पातेले घातक असू शकते. भांडे वापरून झिजते तेव्हा अन्नाला लागणारा पृष्ठभाग बदलतो. वरचा थर निघून खालचा धातू उघडा होतो, खड्डे पडतात, गंज चढतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : आता अन्नाला नेमके काय लागत आहे?

उघडा पडलेला धातू अन्नात किती उतरेल हे चार गोष्टींवर ठरते. पहिली, आंबटपणा. चिंच, आमसूल, टोमॅटो, दही, लिंबू आणि व्हिनेगर यांमुळे धातू लवकर विरघळतो. दुसरी, मीठ. तिसरी, उष्णता. चौथी, वेळ, आणि हिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. अर्धा तास शिजवून लगेच काढलेली आमटी आणि त्याच भांड्यात रात्रभर ठेवलेली आमटी यांत मोठा फरक असतो. पुष्कळ भांडी शिजवण्यासाठी चालतात, साठवण्यासाठी चालत नाहीत.

तांबे आणि पितळ

तांबे शरीराला अल्प प्रमाणात आवश्यक आहे. ते जास्त झाले तर मळमळ, उलटी, पोटदुखी आणि जुलाब होतात. पिण्याच्या पाण्यात तांब्याचे प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक प्रमाण आहे. आतून स्वच्छ घासलेल्या तांब्याच्या भांड्यात साधे पाणी भरून ठेवणे वेगळे आणि त्याच भांड्यात लिंबाचे सरबत किंवा ताक ठेवणे वेगळे. भांड्यावर चढणारा हिरवट-निळसर थर, म्हणजे जंगाल, हे तांब्याचे क्षार असतात. ते विषारी आहेत आणि अन्नात जाता कामा नयेत.

दूध आंबट नसते, म्हणून ते पितळी भांड्यात ठेवण्यास हरकत नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. दुधातील प्रथिने तांबे ओढून धरतात. याची जबर किंमत आपल्या देशाने मोजली आहे. साधारण तीन वर्षांखालील मुलांना होणारा यकृताचा एक जीवघेणा विकार 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' या नावाने ओळखला जाई. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय वाढलेले आढळे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. टॅनर यांच्यासह या रोगाचा अभ्यास केला. तान्ह्या वयातच तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेले किंवा ठेवलेले वरचे दूध दिले जाणे हे त्याचे संभाव्य कारण असल्याचे त्यांनी १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. घरोघरी दुधासाठी स्टीलची भांडी आली आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियातील टायरॉल या डोंगराळ प्रदेशातही असेच घडले होते. तेथे १९०० ते १९७४ या काळात अशाच विकाराने १३८ बालके दगावल्याची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तेथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतील दूध कारणीभूत ठरले आणि ती भांडी बदलताच रोग थांबला. अशा बालकांत आनुवंशिक दुर्बलताही असावी, असे संशोधक मानतात. पण कोणते बाळ तसे आहे हे आईला आधी कळू शकत नाही. म्हणून तान्ह्या मुलाचे दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू नये आणि ठेवूही नये.

कल्हई कशी पारखावी?

कल्हई करताना भांडे आतून घासून स्वच्छ करतात, भट्टीवर तापवतात, त्यात नवसागराची पूड टाकतात आणि कथलाची कांडी टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवतात. नवसागरामुळे तांब्यावरचा मळ आणि ऑक्साइड निघून जाते व कथील धातूला घट्ट धरते. कथील शरीरात फारसे शोषले जात नाही. डबाबंद अन्नासाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांनी किलोला २५० मिलिग्रॅमपर्यंत कथील मान्य केले आहे. शुद्ध कथलाची कल्हई हा म्हणूनच उत्तम अडसर आहे.

नवी कल्हई चांदीसारखी चकाकते. वापराने ती करडी आणि निस्तेज होते. हा दोष नाही. काळपट दिसते म्हणून ती तारेच्या घासणीने चकचकीत करू पाहणे हेच कल्हई लवकर जाण्याचे मोठे कारण आहे. दोष ओळखायचा तो रंगावरून : करड्या थरातून तांबूस किंवा पिवळा धातू डोकावू लागला की कल्हईची मुदत संपली. भांडे कोरडे करून उजेडात धरावे आणि तळ, तळाचा कोपरा व कलथा सतत लागतो ती बाजू पाहावी.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला वितळण्यासाठी १०८५ अंश लागतात. म्हणजे मोठ्या आचेवर रिकामे ठेवलेले देगचे जसेच्या तसे राहील, पण त्याची कल्हई आतल्या आत वितळून गोळा होईल. कल्हईच्या भांड्यात आधी तेल, तूप किंवा पाणी घालून मगच आच वाढवावी, कोरडे भाजणे टाळावे आणि लाकडी उलथणे वापरावे.

शिसे : न दिसणारा दोष

उडालेली कल्हई दिसते; शिसे दिसत नाही. शिशाला चव नाही, वास नाही आणि अन्न त्यामुळे कळकतही नाही. शिशाचे सुरक्षित म्हणता येईल असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आघात करते. बुद्धी, एकाग्रता आणि वर्तन यांवर त्याचा परिणाम होतो व तो सहसा भरून येत नाही. गर्भवतीच्या शरीरातून ते गर्भापर्यंत पोहोचते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक पातळीवर किंवा तिच्या वर आहे. जुन्या बॅटऱ्यांचे भंगार, रंग आणि भेसळीचे मसाले यांप्रमाणेच स्वयंपाकाची भांडी हाही त्याचा एक मार्ग आहे. मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या संस्थांना हा विषय परका मानता येणार नाही. वर्गात मंद ठरवल्या गेलेल्या एखाद्या मुलाच्या मंदपणाचे मूळ त्याच्या घरच्या पातेल्यातही असू शकते.

भांड्यात शिसे तीन वाटांनी येते. पहिली वाट भेसळीच्या कल्हईची. कथील शिशापेक्षा दहा पटींहून अधिक महाग आहे आणि दोन्ही धातू एकमेकांत सहज मिसळतात. दुसरी वाट डागडुजीची. गळणाऱ्या भांड्याला सोल्डरने डाग देऊन बुजवलेल्या भोकात शिसे-कथलाचे मिश्रण असू शकते. तिसरी वाट मूळ धातूचीच. ओतीव पितळेत आणि भंगारापासून ओतलेल्या ॲल्युमिनियममध्ये शिसे असू शकते.

शुद्ध कथलाची कांडी वाकवली की कुरकुर असा आवाज येतो. शिसे कागदावर ओढले तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. कांडीची रेघ उमटली तर तिच्यात शिसे भरपूर आहे असे समजावे. मात्र रेघ उमटली नाही म्हणजे शिसे नाही, असे सिद्ध होत नाही. ती खात्री फक्त प्रयोगशाळेतील तपासणी देते. भांड्यात सौम्य ॲसेटिक आम्ल ठराविक वेळ ठेवून त्यात किती धातू उतरला हे तेथे मोजले जाते. प्रत्येक घरगुती भांड्यासाठी हे शक्य नाही, पण शेकडो मुलांसाठी रोज रांधणाऱ्या वसतिगृहाला ते अशक्य नाही.

या ठिकाणी कारागिराविषयीही लिहिले पाहिजे. कलईगर हे आडनाव सीमाभागात आणि कर्नाटकात अनेक मुसलमान घराण्यांना आहे. व्यवसाय सुटला, नाव राहिले. जे थोडे कारागीर उरले आहेत त्यांच्याशी आपण पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. शुद्ध कथलाच्या भावात न बसणारी मजुरी दिली तर भेसळीला आपणच वाट करून देतो. शिशाच्या वाफा आणि धूळ सर्वांत आधी त्या कारागिराच्या शरीरात जातात, हेही विसरू नये. आपल्यासमोर कल्हई करून घ्यावी, कांडी पाहावी आणि योग्य मोल द्यावे.

ॲल्युमिनियम

आपल्या भागात जुनी माणसे ज्याला 'जर्मन' किंवा 'जर्मल' म्हणतात तो हा धातू. हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो व तो खालच्या धातूचे रक्षण करतो. पाणी उकळून आतून काळे पडलेले पातेले पाहून लोक घाबरतात. पण हा काळेपणा बहुधा पाण्यातील क्षार आणि ऑक्साइड यांचा असतो व तो स्वतः अपायकारक नाही. आंबट आणि खारट पदार्थ मात्र हा थर खातात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ साली ॲल्युमिनियमच्या सेवनाची मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम अशी ठरवली. ६० किलो वजनाच्या माणसासाठी ती सर्व मार्गांनी मिळून १२० मिलिग्रॅम होते. ॲल्युमिनियमच्या भांड्यामुळे स्मृतिभ्रंश होतो, असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा भीतीचे कारण नाही. पण आंबट आमटी, सार, लोणचे किंवा दही अशा भांड्यात ठेवू नये. आतून टाचणीएवढे खड्डे पडले असतील, घासताना हाताला करडा रंग लागत असेल किंवा तळ पातळ होऊन फुगला असेल तर ते भांडे थांबवावे. कुकरचा तळ फुगला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर अन्नाचा प्रश्न बाजूलाच, तो फुटण्याचाच धोका असतो.

अधिक काळजी करावी ती भंगारापासून ओतलेल्या, कोणताही शिक्का नसलेल्या भांड्यांची. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात अफगाण निर्वासितांच्या मुलांच्या रक्तात शिसे जास्त आढळले. शोध घेतला असता त्यांच्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांतून ते उतरत असल्याचे दिसले, आणि तो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रधातूच्या काही आयात भांड्यांबाबत शिसे उतरत असल्याचा इशारा दिला. सर्वच भांडी तशी असतात असे यावरून म्हणता येत नाही. पण ओतीव भांडे घेताना भारतीय मानकाचा शिक्का पाहणे आणि वजनावर मिळणारे बिननावाचे भांडे टाळणे, एवढे आपल्या हाती आहे.

इतर भांडी

लोखंडी तवा व कढई यांविषयी थोडक्यात एवढेच की वरवरचा गंज घासून, धुऊन, तेल लावून तापवला की ती पुन्हा वापरता येतात. पापुद्रे सुटत असतील किंवा तडा गेला असेल तर बाद करावीत.

तामचिनी, म्हणजे इनॅमलची भांडी अनेक जुन्या घरांत आहेत. हा थर काचेचा असतो. बाहेरच्या बाजूचा टवका चालून जाईल. आतला टवका चालत नाही, कारण काचेचा कण अन्नात जातो आणि उघडे लोखंड गंजते.

नॉनस्टिक भांड्यांवरील थर सुमारे २६० अंशांपर्यंत टिकतो. त्यापुढे तो खराब होऊ लागतो आणि फार तापल्यास त्याचा धूर माणसाला ताप आणतो. पिंजऱ्यातील पक्षी तर त्याने दगावतात. पोटात गेलेला थराचा कण शरीरात शोषला न जाता बाहेर पडतो. जुन्या काळी हा थर तयार करताना पी. एफ. ओ. ए. नावाचे रसायन वापरीत. ते अमेरिकेतील प्रमुख उत्पादकांनी २०१५ पर्यंत बंद केले आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली त्याची गणना कर्ककारक पदार्थांत केली. थर सोलवटलेले आणि केव्हाचे आहे हे माहीत नसलेले नॉनस्टिक भांडे जपण्यात काही अर्थ नाही.

स्टेनलेस स्टील सर्वांत कमी तक्रारीचे. पोचे आणि चरे यांनी ते बिघडत नाही. खोल खड्डे किंवा गंजाचे डाग आले तरच विचार करावा.

दावतीच्या देगी

निकाह, वलीमा, अकीका, नियाज आणि रमजानची इफ्तारी या प्रसंगी शेकडो लोकांचे अन्न एकाच देगीत शिजते. ही देग कोणाच्या घरची नसते; ती भाड्याची किंवा जमातीच्या मालकीची असते. म्हणूनच तिची कल्हई कोणी पाहत नाही. त्यात शिजतात ते पदार्थ पाहा : चिंचेचा दालचा, दह्यात मुरवलेल्या मांसाची बिर्याणी, तासन्‌तास घोटलेले हलीम. आंबट, मीठ, उष्णता आणि वेळ या चारही गोष्टी येथे एकत्र येतात. त्यात लोखंडी कफगीर तळाला घासला जातो आणि उरलेला दालचा सकाळपर्यंत देगीतच राहतो.

कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट राहिली आहे. १९५५ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांनी गंजलेली भांडी, टवके उडून गंजलेली इनॅमलची भांडी, नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी आणि मानकात न बसणारी ॲल्युमिनियमची भांडी यांतील अन्न माणसाने खाण्यास अयोग्य ठरवले. २०११ च्या नियमावलीतही या तरतुदी आल्या. हे नियम व्यवसायासाठी असले तरी जमातखान्याने आणि घरानेही तेच माप लावणे शहाणपणाचे आहे.

जमातीच्या कार्यकारिणीने तीन गोष्टी सहज कराव्यात. प्रत्येक देगीच्या बाहेरच्या बाजूस शेवटच्या कल्हईची तारीख रंगाने लिहावी. देग देण्यापूर्वी विजेरी लावून तळ पाहावा. दावत संपताच उरलेले अन्न स्टीलच्या भांड्यांत काढावे.

निर्णय कसा घ्यावा?

घरातील कोणतेही जुने भांडे हाती घेऊन पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

१. अन्नाला लागणारा धातू किंवा थर कोणता, हे मला माहीत आहे का? माहीत नसेल तर त्यात शिजवू नये. नक्षीची, शोभेची आणि जुन्या बाजारातून आणलेली भांडी याच वर्गात येतात.

२. आतला थर अखंड आहे का? तांब्या-पितळेची कल्हई उडाली असेल तर ती पुन्हा करता येते. इनॅमल आणि नॉनस्टिक घरी दुरुस्त होत नाहीत.

३. आत सोल्डरचा डाग आहे का? असल्यास ते भांडे अन्नासाठी बंद.

४. यात काय शिजणार आणि किती वेळ राहणार? शंका असल्यास आंबट पदार्थ व दूध वर्ज्य करावे आणि साठवण स्टील, काच किंवा चिनी मातीच्या भांड्यात करावी.

५. यातले अन्न कोण खाणार? तान्ही बाळे, लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी शंकेचा फायदा भांड्याला नव्हे, खाणाऱ्याला द्यावा.

घरात शिशाचा दाट संशय असेल तर मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या मुलातही हे प्रमाण वाढलेले असू शकते.

बाद भांड्याचे काय करावे?

जे भांडे कल्हईने सुधारते ते टाकू नये. आजीच्या देगच्याला चांगली कल्हई करून घेणे हा इस्राफ टाळण्याचा आणि एक कारागिरी जगवण्याचा मार्ग आहे. कल्हई होत नसेल तर तांब्या-पितळेला मोडीत चांगले मोल येते, किंवा ते आंघोळीच्या पाण्यासाठी, कुंडीसाठी, शोभेसाठी ठेवता येते. ज्यात शिशाचा संशय आहे किंवा जे फुटके-टवकलेले आहे, ते भांडे वापरण्यासाठी कोणालाही देऊ नये. धातू मोडीला द्यावा आणि देण्यापूर्वी तळाला भोक पाडावे, म्हणजे ते फिरून कोणाच्या चुलीवर चढणार नाही.

आपल्याकडे जुनी भांडी दान करण्याची चाल चांगल्या हेतूनेच रुजली आहे. पण आपल्या मुलासाठी धोक्याचे वाटले म्हणून उतरवलेले पातेले मदरशातील मुलांसाठी किंवा मोलकरणीच्या लेकरांसाठी चालते, असे मानणे हे दान नव्हे. त्या मुलांच्या आहारात दूध, डाळी आणि लोह आधीच कमी असते. आणि लोह व कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते. म्हणजे जुन्या भांड्याचा सर्वांत मोठा अपाय नेमका त्यांनाच होतो. सदक्यात द्यायचेच असेल तर कल्हई केलेले देगचे किंवा एक साधे नवे स्टीलचे पातेले द्यावे.